आठ आकडे आणि न दिसणारा वाचक

००११-३८९१. बंगळुरूहून निघणाऱ्या ‘करंट सायन्स’ या विज्ञान-पाक्षिकाचा हा आयएसएसएन, म्हणजे जगभरच्या नियतकालिकांना मिळणारा आठ आकडी क्रमांक. हाताशी कागद असेल तर एक गणित करून पाहा. डावीकडच्या सात आकड्यांना अनुक्रमे ८, ७, ६, ५, ४, ३ आणि २ ने गुणायचं. पहिले दोन शून्यच. मग सहा एके सहा, पाच एके पाच, तीन चोक बारा, आठ त्रिक चोवीस, नऊ दुणे अठरा. बेरीज ६५. तिला ११ ने भागलं की बाकी उरते १०. अकरातून दहा गेले, राहिला १. क्रमांकाचा शेवटचा आकडा पाहा, तोही १.

हा योगायोग नाही. आठवा आकडा आधीच्या सातांवरून काढलेला असतो. टंकताना एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन भिन्न आकडे उलटसुलट झाले, तर हिशेब जुळत नाही आणि चूक पकडली जाते. उत्तर दहा आलं तर एका जागेत दहा मावणार कसे, म्हणून तिथे रोमन दहा, म्हणजे इंग्रजीतला एक्स लिहितात. एका नियतकालिकाच्या कोपऱ्यात, कुणी फारसं न पाहणाऱ्या जागी, स्वतःची चूक स्वतःच दाखवून देणारं गणित बसलेलं असतं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी घरातल्या सगळ्या मासिकांचे क्रमांक तपासत बसलो होतो.

पण हा क्रमांक सांगतो तरी काय? एवढंच की या नावाचं एक नियतकालिक आहे. ते चांगलं की वाईट, त्यात छापलेलं कुणी वाचून तपासलं की नाही, याबद्दल तो चकार शब्द काढत नाही. भारतात तो दिल्लीच्या राष्ट्रीय केंद्राकडून मिळतो आणि त्यासाठी पैसेही पडत नाहीत. असं असताना देशभरच्या हजारो प्राध्यापकांची बढती आणि संशोधक विद्यार्थ्यांची पीएचडी काही वर्षं या आठ आकड्यांभोवती फिरत राहिली. त्यातून उभ्या राहिलेल्या बाजाराचा एकेक दगड उचलून खाली काय आहे ते पाहण्याचं मोठं काम पुण्यात, गणेशखिंडीतल्या विद्यापीठात झालं. ती हकिकत सांगण्याआधी खरं संशोधन-नियतकालिक म्हणजे काय चीज आहे, ते पाहू. त्याशिवाय खोट्याचं नवल कळायचं नाही.

१६६५ साली लंडनमध्ये रॉयल सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग यांनी ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ सुरू केलं. तोवर विद्वान एकमेकांना खासगी पत्रं लिहीत. आता ती सगळ्यांनी वाचावीत म्हणून छापली जाऊ लागली. ते नियतकालिक आजही निघतं. पुढे हळूहळू एक प्रथा रुजली आणि विसाव्या शतकात ती जवळपास सगळीकडे पक्की झाली: लेख छापण्याआधी त्याच विषयातल्या एक-दोन जाणकारांकडे वाचायला पाठवायचा. यालाच पीअर रिव्ह्यू म्हणतात, मराठीत तज्ज्ञ-परीक्षण.

या वाचकाचा जरा विचार करा. त्याचं नाव लेखकाला बहुधा कळत नाही. त्याला मानधन मिळत नाही. स्वतःचं काम बाजूला ठेवून तो कुणा अनोळखी माणसाचे तीस पानी आकडे, आलेख, तळटिपा चाळतो. हा निष्कर्ष या आकडेवारीतून निघत नाही, तो प्रयोग पुन्हा करा, अमक्याने वीस वर्षांपूर्वी हेच दाखवलंय ते तुम्ही वाचलेलं दिसत नाही, असं लिहून पाठवतो. कधी तो चुकतो, कधी आकसाने वागतो, कधी फार उशीर लावतो. तरीही जगातल्या ज्ञानव्यवहाराचा बराचसा भार या न दिसणाऱ्या, बिनपगारी वाचकावर आहे. विमानाच्या पंख्याचा धातू, बाळाला द्यायच्या लसीची मात्रा, एखाद्या ताम्रपटाचा काळ, यांवर आपण भरवसा ठेवतो कारण कुठेतरी कुणीतरी ते बारकाईने वाचलं होतं. मला ही माणसाने उभ्या केलेल्या सर्वांत विलक्षण गोष्टींपैकी एक वाटते.

पुण्याला तर हे वेगळं सांगायला नको. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ मध्ये हाती घेतली आणि ती पुरी व्हायला १९६६ उजाडलं. १,२५९ हस्तलिखितं पडताळली गेली. ज्यांनी हे काम आकाराला आणलं ते वि. स. सुखटणकर १९४३ मध्येच गेले. त्यांनी शेवट पाहिला नाही. एका अक्षराच्या पाठभेदासाठी दिवस घालवणारी माणसं ज्या शहरात होती, तिथेच पुढे खोट्या नियतकालिकांची झडती घेतली जावी, यात काहीतरी जुळून आल्यासारखं वाटतं.

आता पैशांकडे येऊ. ही नियतकालिकं वर्षानुवर्षं वर्गणीवर चालत. मोठ्या परदेशी प्रकाशकांनी वर्गणी इतकी चढवली की श्रीमंत विद्यापीठांचीही ग्रंथालयं मेटाकुटीला आली. आपल्याकडच्या महाविद्यालयांना तर ती दारंच बंद होती. सरकारी पैशांतून झालेलं संशोधन सरकारी विद्यापीठाला विकत घ्यावं लागावं, हा अन्याय अनेकांना खुपत होता. २००२ मध्ये बुडापेस्टहून एक जाहीरनामा निघाला: संशोधन इंटरनेटवर सर्वांना मोफत वाचता यावं. हाच ओपन ॲक्सेस, मुक्त प्रवेश. त्यामागचं मन उमदं होतं आणि मी आजही त्या बाजूचा आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातून निघणारं ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ लेखकाकडून पैसे न घेता आणि वाचकाकडूनही न घेता जगाला खुलं झालं. ‘करंट सायन्स’ही कुणालाही वाचता येतं. मुक्त प्रवेश म्हणजे फसवणूक, हा समज अगदी चुकीचा आहे आणि तो खोडून काढायलाच हवा.

पण सगळ्याच नियतकालिकांना असा संस्थेचा आधार नसतो. वाचक पैसे देणार नसेल तर खर्च कोण देणार? बऱ्याच ठिकाणी उत्तर ठरलं, लेखक देईल. यात एक फट होती. वर्गणीवर चालणाऱ्या नियतकालिकाला वाचक टिकवावा लागतो, म्हणून रद्दी छापून भागत नाही. लेखकाच्या पैशावर चालणाऱ्याला मात्र प्रत्येक नाकारलेला लेख म्हणजे बुडालेली रक्कम. प्रामाणिक संपादक तो तोटा सोसतो. जो प्रामाणिक नाही त्याच्या लक्षात आलं की परीक्षणाचा सगळा खटाटोप गाळला तरी बाहेरून काहीच दिसत नाही. पाटी तीच, पांढरा डगला तोच, गळ्यात स्टेथोस्कोपही तोच. फक्त रोग्याची नाडी कुणी पाहत नाही.

अमेरिकेतल्या डेन्व्हरचे ग्रंथपाल जेफ्री बील यांनी २०१० च्या सुमारास अशा प्रकाशकांना प्रेडेटरी, म्हणजे भक्षक, म्हणायला सुरुवात केली आणि त्यांची यादी ठेवली. २०१७ च्या जानेवारीत ती अचानक उतरवली गेली. मधल्या काळात हा धंदा किती फुगला, ते सेनयू शेन आणि बो-क्रिस्टर ब्यर्क यांनी २०१५ मध्ये मोजलं. २०१० मध्ये अशा नियतकालिकांत वर्षाला सुमारे ५३ हजार लेख छापले जात होते. २०१४ मध्ये सुमारे ४ लाख २० हजार. चार वर्षांत आठपट. हे लेख छापणारी चालू नियतकालिकं सुमारे आठ हजार, आणि लेखकांपैकी साधारण एक तृतीयांश भारतातले.

त्याआधीच, २०१३ मध्ये, ‘सायन्स’ साप्ताहिकाचे वार्ताहर जॉन बोहॅनन यांनी एक सापळा लावला होता. दगडफुलासारख्या लायकेनमधला एक रेणू कर्करोगाच्या पेशी रोखतो, असा लेख त्यांनी रचला. लेखक बनावट, संस्था बनावट आणि प्रयोगात मुद्दाम पेरलेल्या अशा ढोबळ चुका की रसायनशास्त्राच्या पदवीच्या विद्यार्थ्यालाही त्या दिसाव्यात. हा लेख थोडाफार फिरवून ३०४ मुक्त नियतकालिकांना गेला. १५७ जणांनी स्वीकारला, ९८ जणांनी नाकारला. त्यांतली सुमारे एक तृतीयांश नियतकालिकं भारतातून चालत होती, हे संपादकांच्या पत्त्यांवरून आणि बँक खात्यांवरून उघड झालं. या भारतीय गटात ६४ जणांनी लेख घेतला. परत पाठवला फक्त १५ जणांनी.

२०१७ मध्ये पोलंडच्या संशोधकांनी उलट बाजूने घेतलेल्या एका चाचणीचा निकाल छापला. त्यांनी एक विदुषी काल्पनिकच घडवली, ॲना शुस्ट, आणि तिच्या नावाने ३६० नियतकालिकांकडे संपादकपदासाठी अर्ज केले. तिच्या नावावर एकही शोधनिबंध नव्हता, संपादनाचा अनुभवही शून्य. ४८ ठिकाणांनी तिला संपादक म्हणून घेतलं, त्यांतली ४० बील यांच्या यादीतली. कुणी चार दिवस मागे लागून ती कोण आहे एवढं जरी विचारलं असतं, तर खेळ संपला असता.

हे पीक आपल्याच मातीत एवढं का माजलं? मला वाटतं, दोष प्राध्यापकांच्या नीतिमत्तेवर टाकून मोकळं होणं सोपं आहे आणि अर्धवट आहे. २०१० मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, बढतीसाठी एपीआय नावाची गुणपद्धत आणली. परीक्षण होणाऱ्या नियतकालिकातल्या लेखाला १५ गुण. परीक्षण न होणाऱ्या पण मान्यवर आणि आयएसएसएन असलेल्या नियतकालिकातल्या लेखाला १० गुण. मान्यवर कोण हे ठरवणार कसं? क्रमांक मात्र डोळ्यांना दिसतो. त्याच सुमारास पीएचडीचा प्रबंध सादर करण्याआधी किमान एक शोधनिबंध छापलेला असणंही सक्तीचं झालं होतं. तालुक्याच्या गावातला एखादा प्राध्यापक डोळ्यांपुढे आणा. आठवड्याला वीस तास, परीक्षा, निवडणुकीची ड्युटी, नॅक मूल्यांकनाच्या फायली, प्रयोगशाळेत एक जुना तराजू. त्यानेही संशोधन करावं असं कागदावर ठरलं, साधनं मात्र कुणी दिली नाहीत. मग ‘सर, पेपर टाका, तीन दिवसांत लागेल, प्रमाणपत्र मिळेल’ असा निरोप आला की तो काय करणार? कॅसच्या, म्हणजे बढतीच्या, फायलीत गुण मोजले जात. लेख वाचला जात नसे. वरच्या कार्यालयातही कुणी वाचत नव्हतं आणि खालच्या जर्नलातही. वाचक दोन्हीकडून नाहीसा झाला होता.

तक्रारी वाढल्या तशी आयोगाने २०१७ मध्ये मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी काढली. नावं तीस हजारांहून अधिक. काही नावं मोठ्या आंतरराष्ट्रीय सूचींतून घेतली होती, तर काही देशभरच्या विद्यापीठांनी सुचवलेली. हा दुसरा वाटा म्हणजे खरी भानगड होती. बोगस जर्नलांनी आपापल्या मुखपृष्ठावर ‘यूजीसी अप्रूव्ह्ड’ छापलं आणि भावही वाढवले.

इथे पुणे येतं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातले आरोग्यशास्त्राचे आणि आयुर्वेदाचे संशोधक भूषण पटवर्धन, ग्रंथालयशास्त्राच्या शुभदा नगरकर, सैद्धांतिक रसायनशास्त्रज्ञ श्रीधर गद्रे. त्यांच्या जोडीला बनारसचे पेशीशास्त्रज्ञ सुभाष लखोटिया, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे माजी महासंचालक विश्वमोहन कटोच आणि कॅनडातले डेव्हिड मोहर. या गटाने ठरवलं की मतं मांडत बसण्यापेक्षा मोजू. विद्यापीठांनी सुचवलेल्या ५,६९९ नियतकालिकांतून १,३३६ चिठ्ठी टाकल्यासारखी निवडली. त्यांतली ३२७ स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स या सूचींत आधीच होती, ती बाजूला ठेवली. उरली १,००९. आणि मग एकेक उघडून पाहायला सुरुवात झाली.

मला या अभ्यासातली सर्वांत थक्क करणारी गोष्ट ही वाटते की त्यात कसलंही अवघड यंत्र नव्हतं. प्रश्न शाळकरी पोरानेही विचारावेत असे होते. पत्ता आहे का? संकेतस्थळ उघडतं का? संपादकाचं नाव दिलंय का? एवढ्यावरच १,००९ पैकी ३४.५ टक्के बाद झाली, म्हणजे साडेतीनशेच्या घरात. मान्यताप्राप्त यादीत असूनही त्यांचा धड पत्तासुद्धा नव्हता! जी या चाळणीतून खाली पडली नाहीत त्यांना पुढचे प्रश्न. आयएसएसएन खरा आहे का? इम्पॅक्ट फॅक्टर सांगता तो कुणी दिला? ज्या सूचींत नाव असल्याचं मिरवता त्या सूची कोण चालवतं? संपादकांची पात्रता काय? इथे आणखी ५२.३ टक्के गळाली, कारण माहिती खोटी होती. उरलेल्यांतली काही धरून एकूण ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिकं हलक्या दर्जाची असावीत, असा निष्कर्ष निघाला. २०१८ च्या मार्चमध्ये तो ‘करंट सायन्स’मध्ये छापून आला.

इम्पॅक्ट फॅक्टरचं थोडं सांगायला हवं, कारण खोटेपणाची इतकी कल्पक तऱ्हा क्वचितच पाहायला मिळते. खरा आकडा अमेरिकेच्या यूजीन गारफील्ड यांच्या कल्पनेतून आला. एखाद्या नियतकालिकात मागच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांचा यंदा सरासरी किती वेळा उल्लेख झाला, त्याचं गुणोत्तर. ग्रंथपालाने कोणती वर्गणी भरावी हे ठरवायला तो उपयोगी होता. माणसं तोलायला तो नव्हताच. पण तो मागितला जातो म्हटल्यावर तो विकणाऱ्या संस्थाही निघाल्या. कुणी ‘ग्लोबल’, कुणी ‘युनिव्हर्सल’ असं विशेषण लावून दशांश चिन्हापुढे तीन आकडे छापून देऊ लागलं. खोटं नियतकालिक, त्याला खोट्या सूचीची मान्यता आणि त्यावर खोट्या मापाचा शिक्का. एक अख्खी समांतर विद्वत्सृष्टी उभी राहिली, आणि तिच्यात सगळं होतं, फक्त वाचणारा माणूस नव्हता.

लेख छापून आल्यावर दोन महिन्यांच्या आत, २०१८ च्या मे मध्ये आयोगाने यादीतून ४,३०५ नियतकालिकं काढून टाकली. काही चांगलीही त्यात भरडली गेल्याची तक्रार झाली. त्याच वर्षी पटवर्धन आयोगाचे उपाध्यक्ष झाले, आणि वर्षअखेरीस आयोगाने ‘केअर’ हा नवा उपक्रम जाहीर केला. त्याचा नियतकालिक-विश्लेषण कक्ष पुणे विद्यापीठाच्या सेंटर फॉर पब्लिकेशन एथिक्समध्ये बसला. २०१९ च्या जूनमध्ये नवी यादी आली. देशभरच्या प्राध्यापकांच्या तोंडी ‘केअर लिस्टेड’ हा शब्द बसला, आणि त्यामागची छाननी गणेशखिंडीत चाले, हे अनेक पुणेकरांनाही ठाऊक नसेल.

या कामात भारतीय भाषांचा प्रश्न सर्वांत नाजूक होता. परदेशी सूची इंग्रजीकडे झुकलेल्या. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाचं त्रैमासिक घ्या किंवा वाईच्या प्राज्ञपाठशाळेशी जोडलेलं ‘नवभारत’ घ्या; अशा नियतकालिकांचं मोल इम्पॅक्ट फॅक्टरने कधी कळणारच नाही. एखादा मोडी कागद वाचणारी माणसं मुळात थोडी. त्यांनी एकमेकांचा उल्लेख करून आकडा वाढणार तरी किती? म्हणून मराठी, कन्नड, तमिळ नियतकालिकांना दाखल करून घ्यायचं तर ती हातात घेऊन पाहणं आलं. परदेशी सूचीत नाही म्हणून वाईट, असं म्हणून चालत नव्हतं. आणि आपल्या भाषेतलं आहे म्हणून चांगलं, असंही नाही.

पण यादी झाली की ती हेरणारेही तयार असतात. ज्या जुन्या, दर्जेदार नियतकालिकांना स्वतःचं संकेतस्थळ नव्हतं, जी फक्त छापील निघत, त्यांच्यावर या हेरणाऱ्यांचा डोळा गेला. नाव तेच, आयएसएसएन तोच, मुखपृष्ठाचं छायाचित्रही तेच घेऊन एक नवं संकेतस्थळ उभं करायचं आणि पैसे घेऊन लेख छापायला लागायचं. प्राचीन विद्येच्या नियतकालिकाच्या नावाखाली मग बँकिंग, सिमेंट आणि मोबाइलच्या विक्रीवरचे निबंध दिसू लागतात, आणि मूळ संपादकाला आपल्या नावावर काय चाललंय याचा पत्ताही नसतो. यांना क्लोन किंवा हायजॅक झालेली जर्नल म्हणतात. केअरला स्वतःच्या संकेतस्थळावर अशा नकलांची वेगळी यादी लावावी लागली. जगभरातल्या अशा अपहृत नियतकालिकांची नोंद ॲना अबाल्किना या संशोधिकेने ‘रिट्रॅक्शन वॉच’ या संकेतस्थळाबरोबर २०२२ पासून ठेवली आहे. पहिल्या परिच्छेदातलं ते गणित इथे निकामी ठरतं, कारण क्रमांक अस्सल असतो.

या सगळ्याने बिघडतं काय, असं विचारणारेही भेटतात. कुणी न वाचलेला लेख कुणी न वाचणाऱ्या जर्नलात पडून राहिला तर कुणाचं काय गेलं? ब्यर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा नियतकालिकांतल्या लेखांचा पाच वर्षांचा माग काढला. निम्म्याहून अधिक लेखांचा एकदाही उल्लेख झालेला नव्हता. पण पुण्याच्या अभ्यासात सहभागी असलेल्या मोहर यांनी २०१७ मध्ये संशयास्पद वैद्यकीय नियतकालिकांतले १,९०७ लेख तपासले, तेव्हा दिसलं की त्या संशोधनांमध्ये वीस लाखांहून अधिक माणसं आणि आठ हजारांहून अधिक प्राणी वापरले गेले होते. माणसांनी रक्त दिलं, गोळ्या घेतल्या, प्रश्नावल्या भरल्या, या समजुतीने की यातून कुणाचं तरी भलं होईल. तो सगळा ऐवज अशा जागी पुरला गेला जिथे डॉक्टर तो शोधणार नाही आणि शोधलाच तर विश्वास ठेवू शकणार नाही. या लेखांच्या पत्रव्यवहारी लेखकांत सर्वाधिक, २७ टक्के, भारतातले होते. त्याखालोखाल १५ टक्के अमेरिकेतले. दुखणं फक्त गरीब देशांचं नाही.

दुसरं नुकसान त्या तालुक्याच्या प्राध्यापकाचं. समजा, त्याने खरंच दहा वर्षं आपल्या भागातल्या विहिरींच्या पाण्यातलं फ्लोराइड मोजलं आहे. ते आकडे सोन्यासारखे आहेत. एका चांगल्या परीक्षकाच्या हाती पडले असते तर त्याने दोन चुका दाखवल्या असत्या, आणखी एक मोजणी सुचवली असती आणि लेख मार्गी लागला असता. आता तो लेख दोन-तीन हजार रुपये भरून छापला गेला आहे. एकदा छापलेलं पुन्हा दुसरीकडे देता येत नाही. विहिरींचं ते पाणी ज्या गावांत पितात, तिथे ती माहिती पोहोचायची राहिली.

कायद्याचा हातही कधी कधी पोहोचतो. हैदराबादच्या ओमिक्स या बड्या प्रकाशनसमूहावर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१६ मध्ये खटला भरला, आणि २०१९ च्या मार्चमध्ये तिथल्या न्यायालयाने लेखकांच्या फसवणुकीबद्दल पाच कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचा आदेश दिला. त्याच वर्षी दहा देशांतली ४३ माणसं ओटावाला जमली आणि बारा तास चर्चा करून भक्षक नियतकालिक कशाला म्हणायचं याची व्याख्या ठरवली. त्यात खोटी माहिती, चांगल्या रीती सोडणं, पारदर्शकतेचा अभाव आणि लेखांसाठी आक्रमकपणे मागे लागणं या गोष्टी आल्या. परीक्षणाचा दर्जा मात्र आला नाही. कारण तो बाहेरून मोजता येत नाही!

आपल्याकडेही गाठी थोड्या सैल झाल्या. पीएचडीच्या विद्यार्थ्यांना संशोधन आणि प्रकाशन-नीतीचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम सक्तीचा झाला. २०२२ च्या नव्या नियमांत प्रबंधाआधी लेख छापण्याची सक्ती काढून टाकली गेली. माझ्या मते या सगळ्या प्रवासातला हा सर्वांत शहाणा निर्णय, कारण तो मागणीच कमी करतो. २०२५ च्या जानेवारीपासून ‘वन नेशन, वन सबस्क्रिप्शन’ योजनेतून सहा हजारांहून अधिक सरकारी संस्थांना सुमारे तेरा हजार नियतकालिकं वाचायला मिळू लागली. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत आयोगाने केअर यादीच बंद केल्याचं जाहीर केलं. यापुढे नियतकालिक कसं निवडायचं ते प्रत्येक संस्थेने ठरवावं, त्यासाठी पडताळणीच्या निकषांचा मसुदा समोर ठेवला. कुणी याला जबाबदारीची वाटणी म्हणेल, कुणी पुन्हा जुन्या रानात सोडणं. मला दोन्ही भीती खऱ्या वाटतात. यादी असली की तिची नक्कल होते. नसली की प्रत्येक महाविद्यालयात पुण्यातल्या त्या गटासारखी चिवट माणसं लागतात.

आणि तसं पाहिलं तर ती मिळणं अशक्य नाही, कारण प्रश्न तेच आहेत. संपादक म्हणून ज्यांचं नाव छापलंय त्यांच्या विद्यापीठाला फोन करून विचारायचं, त्यांना हे माहीत आहे का. जुना अंक उघडून पाहायचं. संतसाहित्य, मृदाशास्त्र आणि यंत्रशिक्षण एकाच अंकात गुण्यागोविंदाने नांदत असतील तर ते सगळं वाचू शकणारा परीक्षक-वर्ग त्या नियतकालिकाकडे खरोखर असेल का? ४८ तासांत निर्णय देतो म्हणतात, तर तीस पानं कुणी, कधी वाचली? पैसे कुणाच्या खात्यावर जातात?

सर्वांत चांगला प्रश्न मात्र वेगळाच आहे, आणि तो विचारण्याची सोय आता वाढते आहे: परीक्षकाने काय लिहिलं ते दाखवा. ‘एम्बो जर्नल’ने २००९ मध्येच परीक्षकांचे अहवाल लेखासोबत छापायला सुरुवात केली. २०२५ च्या जूनमध्ये ‘नेचर’नेही जाहीर केलं की यापुढे दाखल होणाऱ्या प्रत्येक संशोधन-लेखासोबत, तो छापला गेला तर, परीक्षक आणि लेखकांमधला पत्रव्यवहारही खुला होईल. परीक्षकाचं नाव बहुधा गुप्तच राहतं, पण त्याचं काम वाचता येतं. पुण्यातली एखादी विद्यार्थिनी विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात बसून असं एखादं बाड उघडू शकते. पहिल्या पत्रात परीक्षक चौदा शंका काढतो. लेखक सात मान्य करतो, चार खोडून काढतो, तीन प्रयोग नव्याने करून आणतो. दुसऱ्या पत्रात परीक्षक आपली एक शंका मागे घेतो आणि दुसरी आणखी टोकदार करतो. तिसऱ्या फेरीत लेखाचं शीर्षकच बदललेलं असतं, कारण आधीचं शीर्षक पुराव्यापेक्षा मोठं होतं.